क्रूझच्या आधी मुंबईत दीड दिवस: आईबाबांना घेऊन काय बघावं, कुठे उतरावं?

सुरंगी | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही रत्नागिरीहून सहा जण मुंबई-गोवा-मुंबई क्रूझला जातोय. मी, नवरा, सातवीतली लेक, आई, बाबा आणि आत्या. गोव्याला जायला आधी उलट मुंबई गाठायची, यावरून घरात पुष्कळ बोलून झालंय. पण हा घाट बाबांसाठी घातलाय. आजोबा मुंबईत गोदीत कामाला होते. दिवाळीच्या सुट्टीत आजी बाबांना आणि आत्याला घेऊन रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरायची. पडावात बसून भर पाण्यात उभ्या असलेल्या बोटीपर्यंत जायचं आणि तिथे खलाशी पोरांना बखोटीला धरून वर घ्यायचे, हे बाबा आजही उठून उभे राहून दाखवतात. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, त्याच्या आधीच ती बोट बंद पडली होती. मुंबई बंदरातून पुन्हा एकदा रात्रीच्या समुद्राला लागायचं, एवढं त्यांच्या मनात आहे.

प्रश्न क्रूझचा नाही, त्याआधीच्या मुंबईचा आहे. बोर्डिंग शनिवारी दुपारी एक ते साडेतीन, बॅलार्ड पिअरला. कोकणकन्येने शुक्रवारी पहाटे सीएसएमटीला उतरायचं ठरतंय. म्हणजे अख्खा शुक्रवार आणि शनिवारची सकाळ हातात. आईचे गुडघे दुखतात, जिने नकोत. आत्याला मधुमेह आहे, जेवण वेळेवर लागतं. लेकीला सीएसएमटी बघायचंय, नवऱ्याला घारापुरी. आणि डोंबिवलीची मावशी म्हणते, "आमच्याकडेच उतरा, हॉटेलात राहिलात तर मी बोलणार नाही."

काय धरावं, काय सोडावं?

---

गोदीकर | रविवार, रात्री ९:५२

सुरंगीताई, आमचेही आजोबा गोदीतलेच आणि माझी नोकरी फोर्टात, तेव्हा या भागातलं सांगू शकतो.

सगळ्यात आधी राहण्याचं पक्कं करा, आणि ते डोंबिवलीला नको. शनिवारी सकाळी सहा माणसं आणि क्रूझच्या बॅगा घेऊन डोंबिवलीहून लोकलने यायचं म्हणजे तासाभराहून जास्त प्रवास, वर गर्दी, वर आईंचे गुडघे. टॅक्सी केलीत तर ईस्टर्न फ्रीवेपर्यंत पोचेतो जीव टांगणीला. याउलट सीएसएमटी ते बॅलार्ड पिअर दोन किलोमीटरसुद्धा नाही. फोर्टात किंवा बॅलार्ड इस्टेटमध्ये राहिलात तर शनिवारी जेवून आरामात निघा.

हॉटेल ठरवताना दोन गोष्टी फोन करूनच विचारा. लिफ्ट आहे का, आणि ती तळमजल्यापासून आहे का. फोर्टातल्या जुन्या इमारतींत बरीच हॉटेलं वरच्या मजल्यावर असतात, आणि लिफ्टपाशी पोचायलाच लाकडी जिन्याच्या आठ-दहा पायऱ्या चढाव्या लागतात. दुसरं म्हणजे पहाटे सहाला खोली देणार का. बहुतेकांचा चेक-इन बारा किंवा दोनला असतो. एक तरी खोली आदल्या रात्रीपासून घेऊन ठेवलीत तर आई, बाबा, आत्या आंघोळ करून दोन तास पाठ टेकतील. या पैशांत काटकसर करू नका. रात्रभर गाडीत बसलेल्या सत्तरीच्या माणसांना सकाळी सातला शहर दाखवायला काढलं तर दुपारी सगळेच कुरकुरतात.

खोली नाहीच मिळाली तर सीएसएमटीला क्लोक रूम आहे. बॅगेला कुलूप असल्याशिवाय ठेवून घेत नाहीत, म्हणून प्रत्येक बॅगेला छोटं कुलूप घालूनच निघा.

टॅक्सीवाल्याला "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट" सांगा. नुसतं "क्रूझ" किंवा "बोट" म्हणालात तर काही जण गेटवेला नेतात, काही भाऊच्या धक्क्याला. २०१८ मध्ये गोव्याची आंग्रिया क्रूझ सुरू झाली होती ती माझगावच्या बाजूने सुटायची, तेव्हापासून हा गोंधळ वाढलाय.

---

मालवणी_मायझया | रविवार, रात्री १०:१५

गे बाय, मावशेचा मात्र सांबाळ हां. "हॉटेल बुक केलंव" असा थेट सांगलंस तर तिका वायट वाटतला. त्यापेक्षा तिकाच शुक्रवारी फोर्टात जेवूक बोलय. सगळ्यांनी मिळान जेवा, गजाली करा, सांच्याक ती लोकल पकडून घराक जायत. आमी सासऱ्यांच्या वेळेक असाच केला. मावशी खूश आणि आमचोय जीव सुटलो.

आणि तिच्यासाठी गावचो खाऊ घेऊन जा. रिकाम्या हातान भेटलंव तर मगे खरोखरच बोलाची नाय.

---

घाटमाथा | सोमवार, सकाळी ८:०५

वेगळं मत मांडतो. बोर्डिंग दुपारी आहे ना? मग शनिवारी पहाटेच कोकणकन्येने उतरा. हॉटेलचा खर्च वाचतो. सहा-सात तास मिळतात, तेवढ्यात गेटवे, सीएसएमटी सहज होतं. मुंबई काय, पुन्हा कधीही जाता येईल.

---

उधाण | सोमवार, सकाळी ९:३०

घाटमाथा, तुमचा हिशेब पैशाचा आहे आणि तो मी समजू शकतो. पण मी आयुष्य जहाजावर काढलंय, म्हणून ठामपणे सांगतो: जहाज गाठायच्या दिवशी लांबचा प्रवास ठेवू नये. कोकण रेल्वे रोह्यापासून वीरपर्यंत सोडली तर बहुतांश एकेरी आहे. एका गाडीला क्रॉसिंगला थांबावं लागलं की मागच्या सगळ्यांचं वेळापत्रक सरकतं. सीएसएमटीत फलाटाचं काम निघालं की कोकणातल्या गाड्या ठाण्याला किंवा दादरला संपवतात, तेही आधी बघून ठेवावं लागतं. रेल्वेला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. भरती-ओहोटी, पायलट, धक्क्याची वेळ हे सगळं ठरलेलं असतं. बोर्डिंगची वेळ टळली की तिकीट वाया आणि म्हाताऱ्या माणसाचं मन मोडतं ते वेगळं.

दिवसाच्या गाड्यांचा विचार कोणी करत असेल तर मांडवी, जनशताब्दी, वंदे भारत या आपल्याकडून मुंबईला रात्री पोचतात. रात्री हॉटेल, सकाळी ताजेतवाने, हेही चांगलं. पण सुरंगीताईंना दिवस हवाय, तर त्यांची शुक्रवारची कोकणकन्या अगदी योग्य आहे.

आणखी काही गोष्टी लिहितो, तिकिटाबरोबर आलेले नियम वाचाल तेव्हा ताडून बघा. वेब चेक-इन घरी करूनच निघा आणि बॅगांचे टॅग छापून घ्या, फोर्टात प्रिंट काढायची दुकानं शोधत फिरायला नको. प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड सोबत हवं. मोठ्या बॅगा टर्मिनलवर घेतात आणि त्या खोलीपर्यंत पोचायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, एक स्वेटर, लेकीचे कपडे हातातल्या पिशवीत. दारू, इस्त्री, किटली वर नेऊ देत नाहीत. आत्याबाईंच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवा, इन्सुलिन असेल तर विशेष करून.

आणि जहाजाने बंदर सोडलं की सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाका. किनाऱ्याचं नेटवर्क गेलं की फोन जहाजावरचं नेटवर्क पकडतो, त्याचे दर फार असतात. घरी आल्यावर बिल बघून डोळे पांढरे होतात.

---

कातळ | सोमवार, दुपारी १:२०

मला या धाग्यावर बॅलार्ड इस्टेटबद्दल लिहायलाच हवं. क्रूझला जाणारे हजारो लोक त्या रस्त्यांवरून टॅक्सीने जातात आणि एकही जण उतरून बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्ही ज्या जमिनीवरून जहाजावर चढणार आहात ती जमीन समुद्रातून वर काढलेली आहे. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, १९१४ साली सुरू झाला. तो खणताना निघालेली माती आणि दगड इथे भरावाला टाकले आणि बावीस एकरांची नवी जागा तयार झाली. तिला पोर्ट ट्रस्टचे संस्थापक कर्नल बॅलार्ड यांचं नाव दिलं. त्यावरच्या इमारतींचं नियोजन जॉर्ज विटेटकडे होतं. गेटवे ऑफ इंडिया त्याचाच, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही त्याचंच. तुमच्या दीड दिवसात तुम्ही एकाच माणसाच्या तीन कामांतून फिरू शकता, आणि तिन्ही एकमेकांपासून टॅक्सीने काही मिनिटांवर.

शनिवारी सकाळी आठच्या सुमारास बॅलार्ड इस्टेटमध्ये जा. ऑफिसं बंद, रस्ते मोकळे, फुटपाथ रुंद आणि सपाट. आईंच्या गुडघ्यांसाठी दक्षिण मुंबईत याहून चांगली जागा नाही. सगळ्या इमारती साधारण एका उंचीच्या, कोपरे गोलाकार वळवलेले, दगड फिकट. सीएसएमटीसारखी नक्षीची गर्दी इथे नाही. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या पोर्ट ट्रस्टच्या माणसांचा स्मृतिस्तंभ आहे, तो लेकीला दाखवा. इथे पूर्वी बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशनच होतं. विलायतेहून बोटीने उतरलेला माणूस समोर उभ्या असलेल्या फ्रंटिअर मेलमध्ये बसून थेट पेशावरकडे निघायचा.

जेवायला ब्रिटानिया तिथेच आहे, १९२३ सालचं इराणी हॉटेल. बेरी पुलाव आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. दुपारच्या जेवणाची जागा आहे ती, उघडायच्या वेळेलाच जाऊन बसा, नाहीतर रांगेत आत्यांची जेवणाची वेळ टळेल. फोर्टात मासे खायला महेश लंच होम आहे, पण रत्नागिरीच्या माणसाने मुंबईत मासे शोधू नयेत असं माझं मत.

---

सुरंगी | सोमवार, रात्री ८:४५

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! मावशीचा प्रश्न मालवणीताईंच्या सल्ल्याने सुटला. तिला फोन केला, "शुक्रवारी जेवायला तू हवीसच" म्हटलं, ती लगेच तयार. येताना आंबोळ्या आणते म्हणाली.

हॉटेल फोर्टात घेतलंय, लिफ्ट तळमजल्यापासून आहे, एक खोली गुरुवार रात्रीपासून.

आता घारापुरी आणि भाऊचा धक्का. दोन्हीबद्दल घरात दोन तट आहेत.

---

अबोली | सोमवार, रात्री ९:१०

घारापुरी सहा जणांनी मिळून नको. गेटवेहून लाँचला तासभर, तिथे जेट्टीवरून चालणं, मग शंभराहून जास्त दगडी पायऱ्या, परत तेवढंच. अर्धा दिवस जातोच. डोलीवाले असतात, पण आईंना ते आवडेल का बघा. सोमवारी लेणी बंद असतात, तुमचा शुक्रवार आहे म्हणून तो प्रश्न नाही.

भाऊच्या धक्क्यालाही नका जाऊ असं मला वाटतं. मासळीचा वास, बर्फाच्या गाड्या, पायाखाली ओलं, रेटारेटी. बाबांच्या आठवणीतलं तिथे काही उरलेलं नाही. उगाच हिरमोड होईल. त्यापेक्षा मरीन ड्राइव्हवर बसा निवांत.

---

गोदीकर | सोमवार, रात्री ९:३८

घारापुरीसाठी तोडगा: नवरा आणि लेक दोघंच शुक्रवारी सकाळच्या लाँचने जाऊ देत. त्या वेळात बाकीचे हॉटेलात झोपतील. दुपारी जेवायला सगळे एकत्र. सहा जणांनी सतत एकत्रच फिरलं पाहिजे असं कुठे आहे? त्रिमूर्ती बघून लेक जे सांगेल ते आजीला ऐकायला आवडेल.

मेट्रोबद्दल सांगायचं राहिलं. भुयारी 'मेट्रो-३' मार्ग २०२५ च्या ऑक्टोबरपासून पार कफ परेडपर्यंत सुरू आहे. सीएसएमटीच्या पुढे हुतात्मा चौक, मग चर्चगेट. स्टेशनं खोल आहेत, पण लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. संध्याकाळी फोर्टातून मरीन ड्राइव्हला जायला टॅक्सीपेक्षा हे बरं. लेकीलाही मजा येईल.

---

तरीवरून | मंगळवार, सकाळी ७:२५

अबोलीताई, आदर ठेवून सांगते, भाऊच्या धक्क्याबद्दल मला तुमचं पटत नाही.

आम्ही अलिबागकडच्या रेवसच्या बाजूचे. आमच्या घरी भाऊचा धक्का म्हटलं की १७ जुलै १९४७ आठवते. तिथून रेवसला निघालेली रामदास बोट वादळात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. गटारीला घरी निघालेली माणसं होती ती. आजही किनाऱ्यावरच्या गावांत त्या दिवसाबद्दल आवाज खाली आणून बोलतात. आणि तरीही आमच्याकडची माणसं रेवसला आणि उरणजवळच्या मोऱ्याला जायला त्याच धक्क्यावरून लाँचमध्ये बसत आली. २०२० पासून मांडव्याची रो-रो तिथूनच सुटते. म्हणजे तो धक्का मेलेला नाही, चालता आहे. आपल्या लोकांना मुंबई पहिल्यांदा दिसली ती तिथून. ज्यांनी लहानपणी तिथे पाय ठेवला त्यांना पुन्हा बघावंसं वाटतंय तर वास आणि ओलं एवढ्यावरून अडवू नका.

पहाटे मासळीचा लिलाव चालतो तेव्हा नका जाऊ. नऊनंतर गर्दी उतरते. प्रवासी लाँचच्या बाजूला टॅक्सी जवळपर्यंत जाते. बाबांच्या पायात घट्ट बसणाऱ्या रबरी तळव्याच्या चपला हव्यात, बस.

---

उधाण | मंगळवार, सकाळी १०:००

तरीवरून यांना पूर्ण पाठिंबा. शुक्रवारी नको, शनिवारी सकाळी जा. आधी धक्का, मग कातळ यांची बॅलार्ड इस्टेट, मग जहाज. एकाच किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे येता, रस्ताही पी. डि'मेलो रोडचा सरळ.

बाबांना एक सांगा. जहाज बंदरातून निघेल तेव्हा उजव्या अंगाला उभं राहायचं. तिकडून गेटवे, ताज, मग कुलाब्याचं टोक आणि शेवटी प्रॉंग्जचं दीपगृह. ते मागे पडलं की लगेच डाव्या अंगाला जायचं. मुंबईहून दक्षिणेला जाताना आपला सगळा किनारा डाव्या हाताला असतो. पहिलं खांदेरी. तिथल्या दीपगृहाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. त्यापुढे जहाज बरंच बाहेरून जातं, गावांचे दिवे दिसतीलच असं नाही. हवा स्वच्छ असेल तर एखाद्या दीपगृहाची उघडझाप दिसते. बाबांच्या जुन्या बोटी किनाऱ्याला धरून हर्णे, दाभोळ, जयगड करत यायच्या, तसं हे नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे रात्रभर कठड्याला उभे राहणार नाहीत.

बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, आणि आलेपाकाच्या वड्या हाताशी.

---

अबोली | मंगळवार, दुपारी १२:४०

तरीवरूनताई, रामदासचं वाचून मन भरून आलं. घेऊन जा बाबांना. फक्त आईंना तेवढा वेळ टॅक्सीत किंवा हॉटेलात बसू द्या.

---

मालवणी_मायझया | मंगळवार, दुपारी ३:३०

पोचवूक येणाऱ्यांका ग्रीन गेटाच्या आत सोडनत नाय हां. फाटकार बंदूकवाले शिपाय असतत, तिकीट असात तोच आत. आमच्या येळार आठ माणसा पोचवूक इलेली, सगळी भायरच रवली. मावशी शनिवारीय येतंय म्हणाली तर तिका गेटवेकडे अपोलो बंदराक उभी ऱ्हवाक सांग. जहाज थयसून लांबून जाताना दिसता.

---

सुरंगी | जानेवारी, शनिवार, रात्री १०:२०

जाऊन आलो. कसं झालं ते सांगायलाच हवं, कारण सगळा बेत तुमचाच होता.

शुक्रवारी पहाटे उतरलो. लेकीला घेऊन मी फलाटावरून सरळ बाहेर गेले आणि समोरच्या बाजूने वळून उभं केलं. दिवे चालू होते, वर घुमटावरची बाई नीट दिसत होती. तिला १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधकाम चाललं हे सांगितलं तर तिने विचारलं, मग तोवर गाड्या कुठून सुटायच्या? बोरीबंदर स्टेशनची गोष्ट तिथेच फुटपाथवर झाली. समोर आरामचा वडापाव सुरू व्हायचा होता, तो परतीच्या दिवशी खाल्ला.

खोली तयार होती. म्हातारी मंडळी झोपली, बापलेक घारापुरीला गेले. दुपारी मावशी आंबोळ्या घेऊन हजर! मग आम्ही ब्रिटानिया शनिवारवर ढकललं आणि हॉटेलवाल्याला विचारून खोलीतच पंगत केली. आत्याचं जेवण वेळेवर झालं. मावशी आणि आई तीन तास बोलत बसल्या, ते मला वस्तुसंग्रहालयापेक्षा महत्त्वाचं वाटलं म्हणून मी हलवलं नाही. संध्याकाळी मेट्रोने चर्चगेट आणि मरीन ड्राइव्ह. आईला कठड्यावर बसायला जमलं. गेटवे आम्ही जमिनीवरून पाहिलाच नाही, दुसऱ्या दिवशी जहाजावरून पाहिला.

शनिवारी साडेनऊला बाबा, आत्या आणि मी भाऊच्या धक्क्याला. टॅक्सीतून उतरताना बाबा गप्प होते. मोऱ्याची लाँच लागली होती, माणसं फळीवरून चढत होती. एका बाईच्या डोक्यावर रिकामी पाटी, हातात शाळेचं दप्तर आणि मागून पोर. बाबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, काही ओळखीचं दिसेना. मग आत्या म्हणाली, "अण्णा, आई इथे आपल्याला मोजायची." उतरल्यावर आजी म्हणे ट्रंका आणि पोरं दोन्ही मोजायची, आणि आजोबा गोदीतून सुटून येईपर्यंत ट्रंकेवर बसवून ठेवायची. बाबांना ट्रंकेचा रंग आठवला, आत्याला आजीचं लुगडं. दोघं भांडायला लागली, ट्रंक हिरवी की काळी. लाँचचा एक खलाशी उभा राहून ऐकत होता, त्याने विचारलं, "काका, कुठल्या बोटीने यायचात?" बाबांनी त्याला पडावापासून सगळं सांगितलं. त्याची लाँच सुटायची वेळ झाली तरी तो ऐकत होता.

तिथून बॅलार्ड इस्टेट. आई आणि बाकीचे तिथे येऊन मिळाले. कातळ म्हणतात तसंच, फुटपाथ सपाट, शनिवारची शांतता. भराव गोदीच्या मातीचा आहे हे ऐकल्यावर बाबा खाली बघून चालायला लागले. आजोबांच्या आधीची गोष्ट आहे ती, पण त्यांना ते आपल्याच घरातलं वाटलं. बारा वाजता ब्रिटानियात पहिल्या टेबलांपैकी एक मिळालं. बेरी पुलाव लेकीला फार आवडला, आत्याने कस्टर्ड फक्त चाखलं. दीड वाजता ग्रीन गेट.

उधाणकाका, बाबा उजव्या अंगाचे डाव्या अंगाला बरोबर वेळेवर गेले. प्रॉंग्जचा दिवा लागला होता. मावशीने अपोलो बंदरावरून ओढणी हलवली असं ती म्हणते. आम्हाला दिसली नाही, पण आम्हीही हात हलवत होतो.

---

उधाण | जानेवारी, शनिवार, रात्री ११:०५

सुरंगीताई, हे लिहिलंत याबद्दल तुमचे आभार. रत्नागिरी ओलांडली तेव्हा बाबा जागे होते का?

---

सुरंगी | जानेवारी, रविवार, सकाळी ७:५०

होय काका. किती वाजता ते बरोबर कळलं नाही. डावीकडे लांब एक उघडझाप दिसली, ती रत्नदुर्गावरच्या दीपगृहाची असं ते म्हणाले. मी नाही म्हटलं नाही.

---

खाडीकाठ | फेब्रुवारी, बुधवार, सायंकाळी ६:१५

धागा वर काढतोय. आम्ही मार्चमध्ये चिपळूणहून स्वतःच्या गाडीने जाणार आहोत. क्रूझ होईपर्यंत गाडी फोर्टात ठेवता येईल का? की पनवेलला ठेवून लोकलने जावं?

---

गोदीकर | फेब्रुवारी, बुधवार, रात्री ८:३०

फोर्टात रस्त्यावर दोन-तीन दिवस गाडी सोडू नका, उचलून नेतात. बॅगा फार नसतील तर पनवेलला नातेवाइकांकडे ठेवा, हार्बरची लोकल थेट सीएसएमटीला येते. बॅगा जास्त असतील तर हॉटेलवाल्याला विचारा, काही जण क्रूझच्या पाहुण्यांची गाडी पैसे घेऊन ठेवतात. पण बुकिंगच्या आधी लेखी घ्या. आणि आदल्या रात्रीच पोचा. मार्चमध्ये शिमग्याला घाटातली आणि महामार्गावरची गर्दी तुम्हाला मी वेगळी सांगायला नको.